देवरावभाऊंची गवत कापायची गाडी

मैदानावरचं कापलेलं गवत आम्ही त्याच दिवशी उचलतो. किस्से मात्र कुणी उचलून नेत नाही, म्हणून ते साचत जातात. अमरावतीहून बडनेऱ्याकडे जाताना लागणाऱ्या एका कॉलेजच्या बागेची आणि मैदानाची देखरेख मी बरीच वर्षं करते आहे. माझ्याकडचे निम्मे किस्से एका लाल गाडीचे आहेत. बसून चालवायची, पोटाखाली पाती फिरणारी, गवत कापायची गाडी. आणि ती चालवणारे आमचे देवरावभाऊ. गाव नांदगाव खंडेश्वर, रोज तिथूनच ये-जा; कॉलेजात लागायच्या आधीची वर्षं ट्रॅक्टरवर गेलेली.

गाडी आली त्या दिवशी कंपनीचा एक इंजिनिअर शिकवायला आला. पहिलाच नियम त्याने सांगितला, की गाडीवर बसायच्या आधी अख्खं मैदान पायी फिरायचं आणि दगड, तारा, काड्या उचलायच्या. देवरावभाऊंनी शांतपणे ऐकलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, कालेजात इतके दिवस पायीच फिरलो. आता कुठं बसाले गाडी देली, तं हा म्हन्ते पयले चाला."

* * *

आठवडाभर ते चालले. एक दिवस नाही चालले. नेमका त्याच दिवशी सुपारीएवढा दगड पात्याखालून सुटला आणि प्राचार्यांच्या खिडकीची काच फोडून टेबलावर जाऊन पडला. साहेबांना वाटलं, हे विद्यार्थ्यांचंच काम. तिघांना बोलावून फैलावर घेणं सुरू झालं.

देवरावभाऊंना कळलं तसे ते गाडी बंद करून थेट केबिनमध्ये गेले. "सायेब, पोरायले सोडा. तो दगड माह्या आळसानं आला."

साहेबांनी पोरांना सोडलं. भाऊंसाठी चहा मागवला.

दुसऱ्या दिवसापासून भाऊ बादली घेऊन मैदान फिरायला लागले. बादलीत काय काय यायचं! कंपास, चपलेचे अंगठे, एकदा तर गणिताच्या सरांचं कानाचं मशीन. मी ते लगबगीने सरांना नेऊन दिलं. त्यांनी ते कानात न घालता खिशात टाकलं. म्हणाले, "पंधरा दिवस झाले हरवून. वर्गात इतकी शांतता कधीच नव्हती."

* * *

या गाडीवरून माणूस उठला, सीटवरचं वजन गेलं, की इंजिन आपोआप बंद पडतं. पण आमची गाडी भाऊ बसलेले असतानाच बंद पडायला लागली. जरा खड्डा आला की बंद. शेवटी अकोल्याहून मेकॅनिक बोलावला. तो स्वतः बसला, तीन चकरा मारल्या, गाडी एकदाही थांबली नाही. भाऊ बसले आणि पहिल्याच खड्ड्यात थांबली.

मेकॅनिकने भाऊंकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मशिनीत काई नाई मॅडम. भाऊच कमी हाय."

त्याने सीटची स्प्रिंग हलकी करून दिली आणि तो गेला. आमच्या बागेत सुशीलाबाई कामाला आहेत, तिवस्याच्या, तोंडाने फटकळ. त्या दुसऱ्या दिवसापासून डब्यात भाऊंसाठी दोन भाकरी जास्त आणायला लागल्या.

* * *

मैदानाच्या कडेला प्रेक्षकांना बसायला मातीचा उतार केलेला आहे. उतारावर गाडी वरून खाली, उभी चालवायची. आडवी घातली तर उलटते. हे भाऊंना पटायचंच नाही. "साऱ्या जिंदगीत शेतीचे सायेब सांगून गेले, उताराले आडवं नांगरा. तुमी म्हन्ता उभं चाला."

एका सकाळी त्यांनी गाडी आडवी घातली. मी लांबून पाहत होते. वरच्या बाजूचं चाक जमिनीवरून उचललं गेलं. भाऊंनी अंग वरच्या बाजूला झोकलं, स्टिअरिंग हळूच उताराकडे वळवलं, आणि गाडी सरळ होत खाली आली. ती बंद करून ते कडुनिंबाखाली जाऊन बसले. मी पाणी नेऊन दिलं. खरं तर रागवायलाच गेले होते.

पाणी पिऊन तेच आधी म्हणाले, "माती आडव्यानं टिकते मॅडम. मानूस उभ्यानं."

* * *

श्रावणातलं ओलं गवत पात्यात गच्च अडकतं. एकदा असंच अडकलं आणि इंजिन चालू असतानाच भाऊंनी सीटवरून वाकून खाली हात घातला. शेजारी सुशीलाबाई झाडत होत्या. त्यांनी खराट्याचा दांडा उचलून भाऊंच्या मनगटावर असा हाणला, की भाऊ कळवळून मागे सरकले. मनगट सुजलं. भाऊ भयंकर चिडले.

सुशीलाबाईंनी आधी गाडीची चाबी काढून घेतली. मग म्हणाल्या, "गवत पुन्हा उगते भाऊ. बोटं नाई उगत."

भाऊ रागातच घरी गेले. दुसऱ्या दिवशी गावाकडचे पाच पेरू आणून त्यांच्यापुढे ठेवले.

* * *

भाऊ रिटायर झाले, त्या निरोपाला शांताकाकू, त्यांच्या घरच्या, गावाहून आल्या होत्या. नवरा कॉलेजात गाडी चालवतो, हे त्यांनी गावभर सांगितलेलं, पण गाडी कधी पाहिली नव्हती. हारतुरे झाल्यावर आम्ही त्यांना गाडीपाशी नेलं. साहेब म्हणाले, "देवराव, वहिनींना मागे बसवा आणि एक चक्कर मारा."

भाऊंनी मान हलवली. "एका सीटवर एकच मानूस, सायेब."

काकूंचा चेहरा उतरला. मग भाऊंनी काकूंनाच सीटवर बसवलं. पाती बंद होती. स्टिअरिंग दाखवलं, ब्रेक दाखवला आणि स्वतः शेजारून चालू लागले. काकूंनी पदर खोचला आणि सावकाश, न डळमळता, पूर्ण मैदानाला चक्कर मारली.

गाडीच्या शेडपाशी आल्यावर ती थांबवायला आम्ही पुढे धावलो. गरजच पडली नाही. काकूंनी पाती चालू-बंद करायचा दांडा बंद आहे का पाहिलं, ब्रेक ओढला, इंजिन बंद केलं, चाबी काढली आणि भाऊंच्या हातात दिली. मग उतरल्या.

मी विचारलं, "काकू, हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

काकूंनी पदर सारखा केला. "शिकवते कोन? हे रोज झोपीत बडबडतेत. पाती बंद, बिरेक, इंजिन बंद, चाबी काढा. एकडाव चाबीचं इसरले, तं मले झोपच येईना. मंग मीच हलवून म्हनलं, अवो, चाबी काढा."