गच्चीवरचा तंबू आणि अक्कांचे डोसे

आता तुमच्यापासून काय लपवायचं! दुसऱ्या कोणी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा मीच सांगतो. वाळवंटात सायकल चालवायला निघालेला मी बंगलोरच्या बनशंकरी भागातल्या घराच्या गच्चीवरच कसा तोंडघशी पडलो, त्याची ही गोष्ट.

पंच्याण्णवच्या आसपासची. पुण्याहून बंगलोरला सॉफ्टवेअरच्या नोकरीवर आलो होतो, लग्न नवंकोरं. तिथल्या येलहंका भागातले एक निवृत्त मेजर दरवर्षी थंडीत काही जणांना जैसलमेरकडे न्यायचे. आठवडाभर दिवसा वाळूतून गिअरची सायकल, रात्री तंबू. मी नाव दिलं, बंगलोरच्याच शिवाजीनगरातून जुनी गिअरची सायकलही आणली. मेजर म्हणाले, "आधी थोडे दिवस तंबूत झोपा, स्टोव्हवर स्वतः रांधा. नाहीतर तिथं रडाल."

आम्ही पडलो पुणेकर! सांगितलं म्हणजे सांगितलं तसंच करणार. त्याच संध्याकाळी विटांना दोऱ्या बांधून गच्चीवर तंबू उभा केला.

माझी बायको वृंदा बेळगावची. कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "करा काय ते. माझ्या चांगल्या चादरी तेवढ्या वर न्यायच्या नाहीत." ती शाळेत शिकवायची, त्यामुळे सकाळी लवकर बाहेर पडायची.

खाली राहायच्या घरमालकीण, शारदाक्का. घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगलोरचं, मराठीला कन्नडची फोडणी. दुसऱ्या दिवशी कपडे वाळत घालायला वर आल्या आणि बघतात तर काय? भाडेकरू तंबूतून रांगत बाहेर येतोय, दाढीचे खुंट वाढलेले, समोर करपलेली खिचडी!

"अय्यो! कधीपासून रे हे?"

"कालपासून, अक्का."

"आणि ती?"

"खाली झोपली होती आरामात. आता शाळेत गेली."

अक्कांनी मोठा सुस्कारा सोडला. मला वाटलं, खिचडीचा वास लागला. थोड्या वेळानं त्या गरम डोसे आणि खोबऱ्याची चटणी घेऊन आल्या. "खा. स्वल्प धीर धर. सगळं सरी होतं, नीट होतं."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. यांना वाटतंय, बायकोनं मला घराबाहेर काढलं!

खरं सांगायला तोंड उघडलं होतं हो, शप्पथ! पण त्यात डोसा होता.

उद्या सांगू म्हटलं. उद्या आला तुपाची धार सोडलेला बिसीबेळे भात. परवा वडे. अशा वेळी खरं बोलवतं का, तुम्हीच सांगा! उलट मी चेहरा पाडून बसायला लागलो. एकदा तर उगाच खोकलोसुद्धा.

"अहो, गल्लीतल्या बायका माझ्याशी बोलेनाशा झाल्यात," एका संध्याकाळी वृंदा म्हणाली.

"तुझं कन्नड समजत नसेल त्यांना."

"माझं? बेळगावच्या पोरीचं?"

मी पटकन सायकलची चेन पुसायला घेतली.

शनिवारी सकाळी दारात रिक्षा थांबली आणि आतून उतरले सासरे! अक्कांनी बेळगावला फोन केला होता. सासरे तडक गच्चीवर. मागे अक्का, मागे वृंदा. मी तंबूच्या तोंडाशी बसून पुरणपोळी खात होतो.

"जावईबापू, पोरीचं काय चुकलं असेल तर मी पाया पडतो," म्हणत ते खरोखर वाकायला लागले.

साठी उलटलेला माणूस हो! घास कसाबसा गिळला आणि भडाभडा सगळं सांगून टाकलं. मेजर, जैसलमेर, तंबूचा सराव, डोसे, खोटा खोकलासुद्धा.

अक्कांनी माझ्या हातातली ताटली काढून घेतली.

"म्हणजे इतके दिवस माझी बदनामी खात होतात?" वृंदा अगदी शांतपणे म्हणाली. "तूप घालून?"

मी तंबूची दोरी सोडवायला लागलो.

"सायकलची किल्ली द्या. शाळेला नाताळची सुट्टी आहे. तुमच्या जागी मी जाते. कॉलेजला रोज सायकलनंच जायची मी."

"आणि मी?"

"तुमचा सराव चालू द्या."

ती खरंच गेली! मध्ये एकदा कुठल्याशा गावातून एसटीडीवर फोन आला. चाकं वाळूत रुततात, उतरून सायकल ढकलावी लागते, पाय मोडून आलेत, पण रात्री आभाळ बघत सगळे गप्पा मारतात, असं सांगताना ती इतकी खळखळून हसत होती! मला हेवा वाटला, आणि बरंही वाटलं. लग्न झाल्यापासून तिला असं हसताना ऐकलं नव्हतं.

आठवड्यानं परतली. उन्हानं रापलेली, सायकल ढकलत गल्लीत शिरली. मी धावत फाटकाशी गेलो, तर अक्का आधीच तिथं हजर. त्यांनी तिच्या गालावरून हात फिरवला, एकवार माझ्याकडे बघितलं आणि अगदी मनापासून हळहळल्या,

"अय्यो, एवढी लांब सुटली होतीस गं! परत कशाला आलीस?"