आप्पांच्या डब्याचं दार

मी लातूरला ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते. या सदरात येणारे वाचकांचे असले अनुभव मी कित्येक वर्षं वाचत आलेय, आणि खरं सांगते, प्रत्येक वेळी मनातल्या मनात खोडून काढत आलेय. वारा असेल, भास असेल, झोप झाली नसेल... माझ्या वाट्याला आलेलं मात्र मला खोडता येईना. कुणाला जमलं तर बघा, म्हणून लिहितेय.

माझे वडील, आप्पा, नांदेडला वजिराबादेत घड्याळं दुरुस्त करायचे. छंद एकच — इंग्लंडातल्या शंभर वर्षांपूर्वीच्या रेल्वेडब्यांच्या हुबेहूब छोट्या प्रतिकृती करायच्या. कुण्या गिऱ्हाईकानं दिलेल्या जुन्या पुस्तकात त्या डब्यांचे नकाशे होते. खऱ्या डब्याच्या एका फुटाला चार मिलिमीटर, असं माप धरून आप्पा पितळी पत्र्यातून डबा उभा करायचे. वीतभर लांब, सागवानी रंगाचा. एकेकाला सहा-सहा महिने लागायचे. इंग्लंड सोडा, त्यांनी हैदराबादच्या पलीकडचं काही बघितलं नव्हतं.

लहानपणी मला दाखवायचे. "ह्या डब्यात इकडून तिकडं जायला वाट न्हाई बघ. परत्येक खोलीला आपलं आपलं दार. एकदा बसलं की पुढचं स्टेशन येईस्तोवर ना कुणी येत, ना कुणी जात."

आई गेली आणि आप्पांना विसर पडायला लागला. मी त्यांना लातूरला आणलं. नऊ डबे आले, काचेच्या कपाटासकट. पण रोज सकाळी एकच — "नांदेडला कधी जायचं?" त्या दिवशी मला कॉलेजला उशीर होत होता. मी म्हणाले, "आप्पा, नांदेड संपलं आता. पुन्हा विचारू नका." मी गडबडीत निघाले आणि गेटला कडी लावली नाही.

दुपारी घरी आले तर आप्पा नव्हते.

एप्रिल महिना, बेचाळीसचं ऊन, आणि त्यांना रोज दोनदा इन्शुलिन लागायचं. बसस्टँडच्या कॅमेऱ्यात ते नांदेडच्या गाडीत चढताना दिसले. मी आणि माझे मिस्टर, शिवराज, तसेच नांदेडला धावलो. जुनं घर, दुकान, गुरुद्वाऱ्याचा लंगर, घाट, सरकारी दवाखाना... शवागारसुद्धा. आप्पांच्या शेजारच्या दुकानातले चष्मेवाले सलीमचाचा दोन दिवस आमच्याबरोबर पायपीट करत होते. कुठंच पत्ता नाही.

तिसऱ्या दिवशी पोलिसांनी आप्पांची दवाखान्याची फाइल आणि अलीकडचा फोटो मागितला. ते आणायला मी एकटी लातूरला आले. दुपारचे साडेतीन वाजले असतील. आप्पांच्या खोलीत कपाटातले कागद उपसता उपसता मी खाली फरशीवर बसले. मी देवाधर्माची बाई नाही. पण त्या फरशीवर बसून मी हात जोडले. कुणापुढं, माहीत नाही. म्हणाले, जिवंत असोत नसोत, मला फक्त कुठं आहेत ते कळू दे.

तेव्हा आवाज आला. टक्. खटका उघडल्यासारखा, बारीक.

थोड्या वेळानं पुन्हा — टक्.

काचेच्या कपाटातून येत होता. मी जवळ गेले. मधल्या फळीवरच्या एका डब्याचं, डावीकडून तिसऱ्या खोलीचं दार उघडं होतं. बोटाच्या पेराएवढं दार, बाहेरच्या बाजूला सताड उघडलेलं.

आता हे नीट समजून घ्या. त्या डब्यांची दारं उघडत नाहीत. डब्याची अख्खी बाजू म्हणजे पितळेचा एक सलग पत्रा. दार म्हणजे त्यावर कोरलेली नुसती रेघ. हे मला लहानपणापासून माहीत होतं, आणि तरी माझ्यासमोर ते उघडं होतं.

टेबलावर आप्पांचं डोळ्याला लावायचं भिंग होतं. ते लावून मी आत पाहिलं. निळं बाक, आणि बाकाच्या वर भिंतीवर नखापेक्षा लहान एक चित्र. नदी, नदीकाठी दगडी खोली, तिला हिरवं पत्र्याचं दार, शेजारी वाकडी बाभूळ.

ओळखायला दहा सेकंद लागले असतील मला. विष्णुपुरीकडे आप्पांच्या एका मित्राची पेरूची बाग होती. सोमवारी दुकान बंद असायचं, तेव्हा आम्ही तिथं जायचो. ही त्या बागेतली पाणी उपसायच्या इंजिनाची खोली होती. पस्तीस वर्षांत मला तिची आठवण आली नव्हती. मित्र वारला, बाग विकली गेली, प्लॉट पडले.

मी शिवराजना फोन लावला. काय पाहिलं ते सांगितलंच नाही. फक्त म्हणाले, "विष्णुपुरीला नदीकडं जा. जुनी इंजिनाची खोली आहे, बाभळीपाशी."

"कुणी सांगितलं?"

"अहो, जा ना. मी पाया पडते तुमच्या."

फोन ठेवून वर पाहिलं तर दार मिटलेलं. मी नख लावून पाहिलं. कोरलेली रेघ, बस.

पाऊण तासानं सलीमचाचांचा फोन आला. "बेटी, मिळाले. साँस चालू हाय. तू ये."

आप्पा आत पडले होते. खुबा मोडला होता, ओठ फुटले होते. वाऱ्यानं दार लोटलं गेलं आणि बाहेरची कडी आपोआप लागली, असं शिवराजना वाटतं. डॉक्टर म्हणाले, अजून एक रात्र निघाली नसती.

आप्पा पुढं एकोणीस दिवस जगले. एका सकाळी त्यांनी मला नावानं ओळखलं. मी धीर करून विचारलं, "आप्पा, डब्यात ते बागेतल्या खोलीचं चित्र कधी काढलं तुम्ही?"

"कुठल्या डब्यात?"

"तिसऱ्या खोलीत. बाकाच्या वर."

"आत कुठं काय हाय गं," ते म्हणाले. "आत करायचं ऱ्हाऊनच गेलं."

ते गेल्यावर मी डब्याचे खालचे स्क्रू काढून छत उचललं. आत काही नव्हतं. ना बाक, ना भिंत. कोरं पितळ.

आमच्या कॉलेजातले मानसशास्त्राचे सर म्हणतात, जुनी आठवण होती, ताणामुळं मेंदूनं ती डोळ्यांसमोर उभी केली. मी मान्यही केलं असतं. पण आमच्या वेळी त्या खोलीला साधं लाकडी दार होतं. हिरवं पत्र्याचं दार बाग विकल्यानंतर कुणीतरी बसवलेलं. ते मी कधी पाहिलंच नव्हतं. शिवराजनी काढलेल्या फोटोत पहिल्यांदा पाहिलं — हिरवं.

एवढ्यावर थांबले असते. पण ही गोष्ट आमच्या नातेवाइकांतून पसरली, आणि गेल्या महिन्यात उदगीरहून एक बाई दारात आल्या. त्यांचा नवरा सात महिन्यांपूर्वी घरातून निघून गेलेला. पिशवीत त्याचा शर्ट घेऊन आल्या होत्या.

"मॅडम, एकदा बघा ना. मी काई बोलणार न्हाई, गप बसते."

काय सांगणार होते मी त्यांना? मी कपाट उघडलं. नऊही डबे टेबलावर मांडले. दोघी समोर बसलो. त्या पदर तोंडाशी धरून एकेका दाराकडे बघत होत्या. मी भिंग लावून प्रत्येक खिडकी पाहिली, पुन्हा पहिल्यापासून पाहिली. दोन तास गेले. काही झालं नाही.

निघताना त्यांनी विचारलं, "तुम्हाला दिसलं, मग मला का न्हाई हो?"

त्या शर्टाची घडी घालून पिशवीत ठेवत होत्या, तेव्हा मी एवढंच म्हणाले, "उद्या पुन्हा या." त्या आल्या. अजूनही दर रविवारी येतात, आणि आम्ही डबे मांडून बसतो.