फिश टँकच्या स्टँडची तिरकी पट्टी

गेल्या महिन्यात पाटोद्यात मी एक गाढवपणा केला. चार फुटी फिश टँक विकत घेतला... तोही जुना. एका साहेबांची बदली झाली होती, त्यांना तो न्यायचा नव्हता. मी नुसता बघायला म्हणून गेलो अन् टेम्पोत टाकून घरीच घेऊन आलो.

मासे पाळायची हौस मला कधीच नव्हती. ती आमच्या लेकीला, दिपूला. सहावीत असताना तिनं टँक मागितला होता, मी म्हणालो पुढच्या वर्षी घेऊ... पुढचं वर्ष करता करता पोरगी सिव्हिल इंजिनिअर होऊन पुण्याला नोकरीला गेली.

तिचा फोन रोज येतो, खोटं कशाला बोलू. पण दोन मिनिटं. जेवलात का, बीपीची गोळी घेतली का, ठेवते मग... फोन संपला तरी मी मोबाईल हातात धरून बसून राहतो.

तर टँक आला, पण ठेवायचा कशावर? आपल्याकडं घरोघरी असतो तसा कूलरचा लोखंडी स्टँड गच्चीवर पडला होता. तो वेल्डिंगवाल्याकडून लांबीला वाढवून आणला, वर प्लायवूड टाकलं, रंग मारला आणि मोठ्या ऐटीत दिपूला फोटो पाठवला.

मिनिटभरात फोन. "पप्पा, पाणी भरलं का? भरू नका! थेंब बी टाकू नका!"

मग तिनं माझी जी खरडपट्टी काढली... अडीचशे लिटर पाणी, काच, खडी, सगळं मिळून तीन क्विंटलच्या वर जातं म्हणे. मी पशुवैद्यकीय दवाखान्यात नोकरीला. सगळी नोकरी जनावरांची वजनं अंदाजानं सांगण्यात गेली. तेच धरून ती म्हणाली, "म्हैस चढवायलात तुम्ही कूलरच्या स्टँडवर! तुम्हाला कावून कळलं न्हाई?"

खरंच कळलं नव्हतं. कूलर हलका, त्यात पाणी तळाशी वीतभर. मी स्टँडला हात लावून जरा ढकललं, तर तो चक्क झुलला.

त्या दिवशी ती चाळीस मिनिटं बोलली. चाळीस! मी वही घेऊन लिहीत बसलो. जाड अँगलचा नवा स्टँड, मागच्या बाजूला या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात एक तिरकी पट्टी, म्हणजे तो आडवा झुलणार नाही. पायांखाली लोखंडी चकत्या, प्लायवूडवर थर्माकोल, आणि गवंड्याची पाण्याची नळी लावून चारही कोपरे एका पातळीत.

अँगल कापून, भोकं पाडून आणले आणि नटबोल्ट लावून घरीच जोडणी केली. मग दिपूचा नवा हुकूम आला. टँक ठेवायच्या आधी स्टँडवर तेवढ्याच वजनाची, म्हणजे पन्नास किलोची सात सोयाबीनची पोती रचा, आठ दिवस तशीच राहू द्या, स्टँड दबतो का ते रोज टेप लावून मोजा आणि मला सांगा.

भावाकडून पोती आणली. बायको म्हणाली, "मासे राहिले बाजूला, आता सोयाबीन पाळायलात का?"

ते आठ दिवस फार सुखाचे गेले हो. संध्याकाळी फोन स्पीकरवर, टेपचं एक टोक बायकोच्या हातात. मोजमाप दोन मिनिटांत व्हायचं, मग दिपू ऑफिसचं सांगायची, मेसच्या पातळ वरणाचं सांगायची, रूम पार्टनर सोडून गेली तेही सांगितलं... हे सगळं मी तिला कधी विचारलंच नव्हतं.

नवव्या दिवशी स्टँडचा फोटो मागवून बघितला अन् म्हणाली, "पक्का हाय पप्पा. आता पोती उतरवा, टँक ठेवा अन् भरा." आणि दोन मिनिटांत फोन ठेवला.

मला लई वाईट वाटलं. आता पुढचं सांगायला लाज वाटते, पण सांगतो... पोती उतरवली, आणि दुसऱ्या दिवशी पाना घेऊन मीच ती तिरकी पट्टी काढली. टँक अजून खालीच होता, तेव्हा धोका काही नव्हता. रिकाम्या स्टँडचा फोटो पाठवला अन् लिहिलं, "थोडा हलायलाय गं, बघ बरं."

फोन आला. आधी तिनं विचारलं, फोटो आजचाच का. मग म्हणाली, "पप्पा, मागची पट्टी कुठंय? काल तर होती की."

पन्नाशी उलटलेला माणूस, कॉपी करताना धरलेल्या पोरासारखा पाना पाठीमागं लपवून उभा. शेवटी तोंडातून निघूनच गेलं, "टँक भरला की तुझा फोन दोन मिनिटांवर येतो गं बाई..."

पलीकडं हुंदका. मग नाक ओढत म्हणाली, "पप्पा, पोती एक दिवस ठेवली असती तरी भागलं असतं. आठ दिवस मीच सांगितले. संध्याकाळी रूमवर आलं की करमतच न्हाई ओ..."

मी पट्टी परत लावली, नट दोनदा आवळले.

शुक्रवारी ती एसटीनं आली. शनिवारी टँक अंगणात सपाट फळीवर भरून ठेवला, कुठं गळतो का बघायला. रविवारी रिकामा करून स्टँडवर चढवला आणि बाप-लेकीनं बादली बादली पाणी ओतलं. पाव भरला की थांबायचं, पातळी बघायची, मग पुढं. दुपारपर्यंत काठोकाठ आला, स्टँड जागचा हलला नाही. सोमवारी सकाळच्या गाडीनं ती गेली, आणि घर खायला उठलं.

दुपारी दवाखान्यात एक वासरू तपासलं, हात धुतले आणि तिला फोन लावला. भर कामाच्या वेळी माझा फोन बघून ती घाबरली. "काय झालं पप्पा? टँक गळायलाय का?"

म्हटलं, "न्हाई गं. काम काहीच न्हाई... तुझी आठवण आली."

लेक पंचवीस वर्षांची झाली. हे वाक्य मी तिला पहिल्यांदाच म्हणालो.