फोटोखालची पहिली ओळ

अप्पांच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये एकच गुन्हा होता, बोटांकडे बघणं. मी त्यांची मुलगी, पण मलाही सवलत नव्हती. मान खाली गेली की लाकडी पट्टी बोटांवर बसायची. नजर मूळ मजकुरावर ठेवायची, पान भरेपर्यंत उमटलेल्या अक्षरांकडेसुद्धा बघायचं नाही. "एका बटणाला एकच काम, मग बघायचं कशाला?" हे सोलापुरातल्या कितीतरी कारकुनांनी त्यांच्या तोंडून ऐकलं असेल.

इन्स्टिट्यूट बंद होऊन बरीच वर्षं झाली. गेल्या वर्षी जुन्या विद्यार्थ्यांनी ठरवलं की सरांनी आठवणींची पुस्तिका लिहावी, एकेकाचा फोटो आणि खाली सरांचा मजकूर. मी पुण्यातल्या एका कंपनीसाठी घरूनच प्रोग्रॅमिंग करते. अप्पांना माउसचा भयंकर राग, म्हणून मोठ्या तोऱ्यात मी त्यांच्यासाठी छोटासा एडिटर बनवला. कर्सर फोटोवर असताना ‘म’ दाबलं की फोटो मोठा व्हायचा, ‘ल’ दाबलं की लहान, ‘फ’ने फिरायचा आणि ‘क’ने काढून टाकला जायचा. लक्षात ठेवायला किती सोपं! मी स्वतःवर भलतीच खूश होते.

पहिल्याच आठवड्यात अप्पा माझ्या खोलीच्या दारात आले. "फोटोखालची पहिली ओळ उमटतच न्हाई की गं. मी तर टाइप केली हुती."

माझी मीटिंग चालू होती. मान वर न करता मी म्हणाले, "नीट दाबलं नसेल तुम्ही. वय झालं आता, अप्पा."

ते गेले. पुन्हा तक्रार केली नाही.

अप्पांचे थोरले भाऊ मैंदर्गीला असायचे. त्यांचा आजार असाच सुरू झाला होता. आधी बोटांतला जोर गेला, मग हात थरथरायला लागले, शेवटी घास भरवावा लागायचा. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं, आणि तरी ते वाक्य बोलून गेले. आज लिहितानाही स्वतःची चीड येते.

बशीत ओतून आवाज करत चहा पिणाऱ्या अप्पांनी बशी सोडली. कप दोन्ही हातांनी धरू लागले. शर्टाची बटणं लावताना दार लोटून घेऊ लागले. एकदा टेबलाच्या कडेवर एकेक बोट आपटत बसले होते, करंगळी जरा जास्तच. काय करताय विचारलं तर "व्यायाम" म्हणाले. पुस्तिकेचा विषय काढला की "बघू की" म्हणून उठून जायचे.

दीड-दोन महिने असे गेले. एका रविवारी पुस्तिका कुठवर आलीय ते बघावं म्हणून मी त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले. त्यांनी मोडनिंबच्या एका विद्यार्थिनीचा फोटो घातला, नजर शेजारच्या कागदावर नेली आणि टाइप करायला सुरुवात केली. कर्सर अजून फोटोवरच होता. ‘मोडनिंबहून ही मुलगी फक्त टायपिंगसाठी’ असं कागदावर होतं. पडद्यावर एकही अक्षर उमटेना. ‘म’ला फोटो फुगला, ‘ल’ला आक्रसला, ‘फक्त’मधल्या ‘फ’ला आडवा झाला आणि ‘क’ला नाहीसा. तिथून पुढचं अर्धंमुर्धं वाक्य उमटलं. अप्पा शांतपणे टाइप करत होते.

त्यांचं एकही बोट चुकलं नव्हतं. ज्या माणसाने मला न बघता टाइप करायला शिकवलं, त्याच्याच हाताखालच्या एकेका बटणाला मी दोन-दोन कामं देऊन ठेवली होती.

"अप्पा, थांबा."

ते दचकले. दोन्ही हात मांडीवर घेऊन एकमेकांत लपवले. "डॉक्टरला दाखवलंय मी," ते घाईघाईने म्हणाले. "काय निघालं न्हाई. पण दादालाबी पहिल्यांदा काय निघालं नव्हतं."

मी खाली बसले आणि त्यांना सगळं सांगितलं. चूक माझी होती, तुमची नव्हती, हे तीन-तीनदा सांगितलं. त्याच दुपारी एडिटर बदलला. आता अक्षर कुठेही दाबलं तरी अक्षरच उमटतं. फोटोची सगळी कामं कंट्रोल धरूनच होतात, आणि मजकूर लहानमोठा करायला जी बटणं, तीच फोटोलाही. अप्पांनी सलग तीन पानं टाइप केली. एकही ओळ गेली नाही.

"म्हणजे बोटं चांगली हायत?"

"हो अप्पा. पहिल्यासारखीच."

"तू यातली जाणती. तू म्हणालीस, मला खरंच वाटलं की गं."

ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम कपाखाली बशी ठेवली. अप्पा हसले, बशीत चहा ओतला. मग बशी दोन्ही हातांनी उचलली, आणि चहा संपेपर्यंत ते आपल्या बोटांकडे बघत होते.