ताईचं नाक

मी गणपतीत जन्मले, तिथेच चुकलं. लालबागच्या आमच्या चाळीत बाळांना न्हाऊमाखू घालायला एक बाई यायची. माझ्या ताईला तिनेच चोळलं होतं. तेलाचं बोट नाकाच्या दोन्ही बाजूंनी दाबत वरून खाली आणायचं, मग शेंडा चिमटीत धरून हलकेच ओढायचा, असं रोज. म्हणून ताईचं नाक सरळ आणि तरतरीत झालं, असं आईचं ठाम मत. माझ्या वेळी ही बाई गणपतीला म्हणून गावी गेली ती भातकापणी उरकूनच परत आली, आणि तोवर माझं नाक आपल्या मनाने वाढून मोकळं झालं होतं. "तुझा तेवढा रवला," आई म्हणायची. तुझं तेवढं राहिलं. एखाद्या भाजीत मीठ राहावं तसं.

खरं तर माझं नाक बाबांचं आहे. मध्ये उंचवटा, खाली पसरट, शेंडा ओठाकडे झुकलेला. बाबांच्या चेहऱ्यावर ते शोभायचं, कारण त्यांना मिशी होती. शाळेत मला मुली 'भजं' म्हणायच्या. मी उलट बोलायची, वेळ आली तर वेणी ओढायची, पण घरी आल्यावर मोरीतल्या आरशासमोर उभी राहून दोन बोटांनी नाक दाबून बघायची. ताईने एकदा मला तसं करताना पकडलं. ती हसली नाही. "माझं घे, मला कंटाळा आलाय याचा," एवढंच म्हणाली आणि अभ्यासाला बसली.

बाबा गेले, आणि मग ताई गेली. तिला नुकतीच नोकरी लागली होती. साध्या तापाचं निमित्त झालं. आठवडाभरात माणूस होत्याचं नव्हतं होतं हे आधी फक्त ऐकलं होतं. तेव्हापासून घरात आम्ही दोघी. आई माझं सगळं करते. डबा करते, उशीर झाला तर दहादा फोन करते. पण ती माझ्याशी बोलताना माझ्याकडे बघत नाही. ती बघते माझ्या खांद्यावरून, मागच्या भिंतीकडे, जिथे ताईचा हार घातलेला फोटो आहे. चाळ पाडून टॉवर झाला, आम्ही वरच्या मजल्यावर राहायला गेलो, भिंती बदलल्या, पण फोटो बरोबर तशाच जागी लागला. मला त्याचं वाईट वाटतं हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. गेलेल्या बहिणीचा मत्सर करणाऱ्या बाईला लोक काय म्हणतील!

पस्तिशी ओलांडल्यावर मी नाकाचं ऑपरेशन करून घ्यायचं ठरवलं. आता या वयात का, असं ऑफिसातल्या मैत्रिणीने विचारलं. मी म्हटलं, या वयात कुणाची परवानगी लागत नाही म्हणून. आईने मात्र आकाशपाताळ एक केलं. "देवान दिलेला नाक, ता कशाक कापूक होया?" असं म्हणत ती चार दिवस भांडी आपटत होती. मी डॉक्टर शोधायला लागले.

पहिला गिरगावातला. सोनाराच्या दुकानावर दवाखाना, आत इतका एसी की नाक आहे की नाही तेच कळेना. डॉक्टरांनी एक अल्बम पुढे टाकला. 'आधी'च्या फोटोंत सगळ्याजणी नुकतंच कुणी गेल्यासारख्या बसलेल्या, आणि 'नंतर'च्या फोटोंत लिपस्टिक, मोकळे केस, छान उजेड. मैत्रिणीने मला पढवून पाठवलं होतं, की वर्ष उलटून गेल्यानंतरचे फोटो माग, महिन्याभरातले नको. मी मागितले. डॉक्टरांनी मला 'बेटा' म्हणत माझ्या हनुवटीकडे बघितलं आणि नाकाबरोबर तीही करून टाकू म्हणाले. हनुवटीबद्दल माझी आजवर काहीही तक्रार नव्हती. खाली उतरले तर पानाच्या ठेल्याच्या आरशात मी हनुवटीच बघत होते. असा राग आला की दुसऱ्या खेपेचा विचारही केला नाही.

दुसरा दादरचा, तरुण आणि चुणचुणीत. त्याने माझे समोरून, बाजूने, खालून फोटो काढले आणि कॉम्प्युटरवर घेतले. ही फक्त कल्पना येण्यापुरती गोष्ट आहे, हे तो प्रामाणिकपणे बोलला. मग माउसने त्याने माझ्या नाकावरचा उंचवटा खाली बसवला, नाकपुड्या जरा आत घेतल्या, शेंडा वर उचलला. आणि स्क्रीनवर ताई आली.

ताईसारखी कुणी नाही. ताईच. आज असती तर जशी दिसली असती तशी, डोळ्यांखाली जरा थकलेली, कानाजवळ दोन पांढऱ्या केसांसकट. आमच्या दोघींत फरक एवढा नाकाचाच होता, हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मी पर्समधून पाण्याची बाटली काढली आणि झाकण न उघडताच तोंडाला लावली. डॉक्टरला वाटलं मी खुश झाले. त्याने तो फोटो माझ्या मोबाइलवर पाठवून दिला.

मी तो आईला दाखवायला नको होता, पण दाखवला. ती ओट्यापाशी मेथी निवडत होती. तिने ओले हात पदराला पुसले, मोबाइल घेतला, चष्मा वर केला, खाली केला. मग तशीच हळूच खाली बसली. बराच वेळ तिने स्क्रीनवरून बोट फिरवलं, स्क्रीन काळी पडली की माझ्यापुढे धरायची आणि मी ती परत उघडून द्यायची. शेवटी तिने विचारलं, "कधी करूचा आसा?"

कधी करायचंय. एवढंच. देवाने दिलेलं वगैरे सगळं संपलं होतं.

तिसऱ्या डॉक्टरकडे आई माझ्याबरोबर आली. परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात बसणाऱ्या, साठीला टेकलेल्या बाई. यांच्याबद्दल चांगलं ऐकलं होतं. त्यांनी आधी मला श्वास नीट येतो का विचारलं, नाकात दिवा घालून पाहिलं, आतला पडदा थोडा वाकडा आहे म्हणाल्या. भूल कोण देणार, चीर कुठे येणार, सूज पूर्ण उतरायला वर्ष कसं जातं, कधीकधी दुसऱ्यांदा टेबलावर का घ्यावं लागतं, हे सगळं न विचारता सांगितलं. "तुमची कातडी जाड आहे. कॉम्प्युटर दाखवतो तेवढा बारीक शेंडा मी देऊ शकणार नाही," म्हणाल्या. नाही म्हणणारी डॉक्टर पहिल्यांदाच भेटत होती. मी मनात ठरवूनही टाकलं, हीच.

मग त्या म्हणाल्या, "आता सांगा, तुम्हाला नेमकं कसं हवंय?"

मी तोंड उघडायच्या आत आईने पर्स उघडली. ताईचा पासपोर्ट साइज फोटो, प्लास्टिकच्या पाकिटात घालून आणलेला, तिने टेबलावर ठेवला आणि बोटाने डॉक्टरांकडे सरकवला.

"असं करा," आई म्हणाली. डॉक्टरांपुढे ती शुद्ध बोलते.

"या कोण?"

"माझी मुलगी."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या नाकाच्या नकाशाकडे बघत होते. मग तिच्या शेजारी बसलेली मी कोण, हा प्रश्न मला तिथे पडला, आणि मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. डॉक्टरांनी आईला बाहेर पाणी प्यायला पाठवलं. दार लागल्यावर मी रडले. डोळ्यांतून आधी आणि मग त्याच वाकड्या पडद्याच्या नाकातून. बाईंनी टिशूचा खोका पुढे सरकवला.

"करता येईल," शेवटी त्या म्हणाल्या. "तुमच्यासाठी असेल तर या. एकट्या या."

टॅक्सीत आई विचारत राहिली, काय म्हणाल्या, कधीची तारीख दिली. मी भडकलेच. "तिचं नाक लावलं म्हणून मी ती होणार आहे का गो? मग मी कुठे जाऊ?" टॅक्सीवाल्याने आरशातून बघितलं. आईने फोटो असलेली पर्स छातीशी धरली होती. घर येईपर्यंत मी तिच्याकडे बघितलं नाही आणि तिने माझ्याकडे. त्यात नवीन काही नव्हतं.

ऑपरेशन करायचं नाही हे मी तिला दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना सांगितलं. "बरं," म्हणाली आणि कप विसळायला गेली. नळ बराच वेळ चालू राहिला.

पुढे कितीतरी दिवस आम्ही कामापुरतं बोललो. मग एका रविवारी मी केसांना तेल लावून घ्यायला तिच्यापुढे जमिनीवर बसले, लहानपणी बसायची तशी. ती पलंगाच्या कडेवर. तिने भांगात तेल घातलं, चोळलं, आणि मग माझी हनुवटी धरून माझा चेहरा आपल्याकडे वळवून घेतला. तिचा तेलकट अंगठा माझ्या नाकावर आला. कपाळाच्या खालपासून, दोन्ही बाजूंनी दाबत, उंचवट्यावरून सावकाश खाली. शेंडा चिमटीत. पुन्हा वरून. ती बाई करायची तसं. माझं राहून गेलेलं.

आता हाड पक्कं झालंय, काही उपयोग नाही, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. मी वर बघितलं. इतक्या वर्षांनी तिचा चेहरा माझ्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होता, आणि तिने डोळे मिटून घेतले होते.

"बाय," ती म्हणाली.

आमच्या घरात बाय फक्त ताई होती. मला आई कायम नावानेच हाक मारत आली.

तिचे हात थांबले नव्हते. मी हललेही नाही.

"ओ," मी म्हटलं.