लिंबावर चढलेला ट्रक

सिडकोतल्या रंगनाथ बोरस्तेंना घाईत पाहिलेला माणूस अजून सापडायचाय. अंबडच्या एका कारखान्यात ते टूलरूममध्ये लेथवर काम करायचे. सुट्टी झाली की एम-एटीवर बसून घरी निघायचे, आणि सायकलवाले त्यांना मागे टाकताना काळजीनं विचारायचे, "काका, पेट्रोल संपलं का?" त्यांच्या पत्नी सिंधूताई. त्या जेवण उरकून, ओटा धुऊन, शेजारणीशी एखादं छोटं भांडण मिटवून परत यायच्या, तरी यांची दुसरी पोळी चालूच असायची.

अशा माणसाला छंद लागला तोही सावकाशीचाच. दोन हजार सहा साली मुलीचा बारावीचा निकाल बघायला ते सायबर कॅफेत गेले. शेजारच्या कॉम्प्युटरवर कुणीतरी रिमोटच्या ट्रकचा व्हिडिओ लावला होता. ट्रक पळत नव्हता. खडकांवरून एकेक चाक चाचपत, म्हातारीनं घाट चढावा तसा चढत होता. रंगनाथराव बघत उभेच राहिले. मुलगी पास झाली आणि बाप बिघडला.

मग मागच्या व्हरांड्यात कारखाना उभा राहिला. शालिमारच्या एका दुकानातून रिमोटची खेळण्यातली गाडी आणली आणि तिचा रिमोट आणि आतलं सर्किट ठेवून बाकीची मोडीत काढली. बिघडलेल्या झेरॉक्स मशीनमधली हळू फिरणारी मोटर मिळवली. साहेबांना विचारून जेवणाच्या सुट्टीत अ‍ॅक्सल कातले. टायर मऊ हवेत म्हणून त्यांत जुन्या सोफ्याचा स्पंज भरला. तो स्पंज गोल कापून शिवून दिला सिंधूताईंनी, प्रत्येक टाक्याला एक शब्द सुनावत. पुढची चाकं जड हवीत म्हणून पंक्चरवाल्याकडचे शिशाचे तुकडे आत बसवले. बॉडी तेलाच्या डब्याची. त्यामुळे ट्रकच्या एका दारावर 'शुद्ध' आणि दुसऱ्यावर 'शेंगदाणा' असं छापलेलं होतं.

गल्लीतली पोरं नाराज झाली. "काका, हा पळतच नाही!"

"पळायला कुत्रंपण पळतं," रंगनाथराव म्हणायचे. "त्याला म्हणावं, भिंतीवर चढून दाखव."

भांडण लागलं ते व्हरांड्यावरून. सिंधूताईंचा भाऊ धनराज लासलगावला कांद्याचा व्यापारी. भाऊबीजेला बहिणीला वॉशिंग मशीन द्यायचं त्यानं ठरवलं, आणि नळ होता फक्त व्हरांड्यात. तिथं तर लोखंड पकडायचा, ठोकून बसवलेला वाइस, लोखंडाचा कीस आणि उघडाबोडका ट्रक.

"मशीन तरी ठेवा नाहीतर हा पसारा तरी," सिंधूताई म्हणाल्या. "मागच्या आठवड्यात माझ्या पापडात कीस निघालाय."

तोड धनराजनंच काढली. "दाजी, दसऱ्याला मी रचेन त्या डोंगरावर चढवून दाखवा. चढला तर व्हरांडा तुमचा. नाय चढला तर ट्रक माळ्यावर, अन् पुन्हा खाली उतरवायचा नाय. पण मधे हात लावायचा नाय, सांगून ठेवतो!"

रंगनाथराव हो म्हणाले. त्या रात्री त्यांना तिसरी पोळी जाईना.

दसऱ्याला धनराज अंगणात डोंगर रचून मोकळा झाला. मिक्सर आल्यापासून पेन्शनीत गेलेला पाटा तिरका लावला, त्यावर जात्याची वरची तळी, आणि शिखरावर आडवा वरवंटा. ट्रक निघणार तेवढ्यात रंगनाथरावांची आत्या, अक्काबाई, हळदकुंकू घेऊन आडव्या आल्या.

"बिनपूजेचं निघालं व्हय?"

"आत्या, खेळणं आहे ते."

"चार चाकं हायत ना? मंग वाहनच. डिझेल पीत नाय म्हणून काय झालं?"

ट्रकला टिळा लागला. झेंडूची माळ पडली. "सांजेपर्यंत काढायची नाय," असा हुकूमही झाला. मग पुढच्या चाकाखाली लिंबू. सकाळी धनराजच्या जीपनं लिंबू असं फोडलं होतं की रस भिंतीवर उडाला होता. रंगनाथरावांनी रिमोटचा दांडा हळूच दाबला. चाक लिंबाला टेकलं. जरा थबकलं. मग लिंबावर चढलं आणि पलीकडे अलगद उतरलं. लिंबू जसंच्या तसं!

"अगं बाई," अक्काबाईंनी तोंडावर हात ठेवला. "फुटलंच नाय की!"

धनराज पोट धरून हसला. "दाजी, लिंबू फोडायची ताकद नाय, अन् वरवंटा चढताय!"

रंगनाथराव आतून खूश होते. चढण्यासाठीच तर बनवला होता, फोडण्यासाठी कुठं?

पाटा सहज सरला. जात्याच्या भोकात एक चाक गेलं, घुटमळलं, बाहेर आलं. धनराजचं हसू थोडं कमी झालं. वरवंट्याशी मात्र ट्रक अडला. मोटर कण्हायला लागली, जळका वास सुटला. रंगनाथरावांनी वाकून बघितलं. माळेचा दोरा पुढच्या अ‍ॅक्सलला चांगला गुंडाळला गेला होता. हात लावला तर पैज गेली. माळ तोडली तर आत्या पुढच्या दसऱ्यापर्यंत बोलणार नव्हत्या. दांडा सोडून ते नुसते उभे राहिले, आणि त्यांचा चेहरा असा झाला की धनराजनंसुद्धा नजर दुसरीकडे वळवली.

सिंधूताईंनी ट्रक बघितला. नवरा बघितला. मग निरांजनाचं ताट उचललं.

"अगं बाई, ओवाळायचं राहिलंच की!"

ताट ट्रकभोवती एकदा फिरलं, दोनदा फिरलं. तिसऱ्या फेरीला पुढच्या चाकापाशी जरा जास्तच रेंगाळलं. दोरा चर्र करून जळला. झेंडू घरंगळत खाली आले.

"ताई! हात लावला तू!"

"हात कुठं लावला? ओवाळलं. विचार आत्यांना, ओवाळणं चालतं का नाही."

"ओवाळणं कसं चालंना?" अक्काबाई म्हणाल्या. "आरतीनं माळ गेली म्हणजे देवानंच घेतली."

रंगनाथरावांनी पुन्हा दांडा दाबला. पुढचं चाक वरवंट्यावर चढलं. मागचं चाचपडलं, घसरलं, पुन्हा चिकटलं, आणि 'शुद्ध शेंगदाणा' शिखरावर जाऊन बसला. शिट्टी मारणाऱ्यांत धनराजच पहिला होता.

संध्याकाळी सोनं देताना रंगनाथरावांनी हळूच विचारलं, "गप्प बसली असतीस तर व्हरांडा तुझा होता की गं."

"होता ना. पण तुम्ही तोंड पाडून बसला असतात, आणि तेसुद्धा तुमच्या वेगानं. दिवाळी गेली असती त्यात."

भाऊबीजेला मशीन आलं, आणि जागा नसल्यामुळे हॉलमध्ये टीव्हीशेजारी बसलं. व्हरांड्यातल्या नळाचा पाइप खिडकीतून आत आला. पाहुणे मशीनवर चहाच्या कपबशा ठेवायला लागले. पहिल्यांदा कपडे पिळायला लागलं तेव्हा ते थडथडत जागा सोडून सोफ्यापर्यंत आलं. मांडी घालून बसलेला धनराज चटकन पाय वर घेत म्हणाला,

"दाजी, रिमोट बनवायचाच तर याला बनवा. हे तुमच्या ट्रकपेक्षा लय पळतं!"