मिलिंदच्या बाबांचा निरोप

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही — पिऊन बसलो तेव्हाही नाही, आणि पिऊन माणूस काय काय बरळतो ते तुम्हाला ठाऊक आहे. मी बरळलो नाही. एवढा सावध माणूस आहे मी. आर्णीत मोटर रिवायंडिंगचं दुकान चालवतो. विहिरीवरची जळालेली मोटर आणा, मी नवी तार भरून देतो. गावात माझी एवढीच ओळख आहे — आणि एवढीच राहावी, म्हणून पुढचं सगळं घडलं.

मी नाटकाचे लाईटही करायचो. आमच्याकडे एक हौशी मंडळ होतं, वर्षाकाठी एक नाटक बसवायचं. डिमर कुठून आणणार? मी मातीच्या कुंड्यांत मिठाचं पाणी भरायचो, त्यात पत्रे वरखाली करून उजेड कमीजास्त करायचो. मंडळातले हसायचे, सुन्या लोणचं घालून राह्यला म्हणायचे. पण सांज उतरावी तसा उजेड उतरायचा. हे ज्यानं पहिल्यांदा नीट पाहिलं आणि मग पत्रे सोडून माझ्याकडेच बघत राहिला, तो मिलिंद.

तो शाळेत शिक्षक होता, मूळचा मुकुटबनचा. आई लहानपणीच गेलेली, वडिलांनी एकट्यानं वाढवलेला. वडील शेती करायचे आणि जयंतीला गावच्या गायन पार्टीत गायचे. मिलिंद सांगायचा, घरात आम्ही बापलेक फारसं बोलतच नाही — बाबा रागावतात तेही गाण्यातून आणि समजूत काढतात तीही गाण्यातूनच.

आमचं काय होतं? आता त्याला शब्द आहेत. तेव्हा आमच्या भागात नुसत्या शिव्या होत्या. प्रेम होतं ते. बघा — लिहायला किती सोपं गेलं. दुकानाच्या मागच्या खोलीत तो पेपर तपासायचा, मी कॉइल गुंडाळायचो, आणि कधी कधी तो तसाच माझ्या खांद्याला टेकून झोपून जायचा. मी हात हलवायचा नाही, त्याची झोपमोड होईल म्हणून. त्या वेळी मी सुखी होतो.

ती कापसाची वाईट वर्षं होती. पेपर उघडला की शेतकऱ्यांच्या आत्महत्या आणि आमच्या जिल्ह्याचं नाव, रस्त्यावर बाहेरगावच्या गाड्या, कॅमेरे. त्याच दिवसांत मिलिंदनं नाटक लिहिलं. दोन मित्रांचं — एक मास्तर, एक मोटरवाला. मोटरवाल्याचं लग्न ठरतं. त्यानं माझ्यापासून काही लपवलं नव्हतं, आधी मलाच वाचून दाखवलं होतं. मी छान आहे म्हणालो होतो. मागच्या खोलीत ते छानच होतं. तालमीत उजेडात पाहिलं आणि मी रिकाम्या पहिल्या रांगेकडे बघायला लागलो. कारण माझं साक्षगंध खरोखरच ठरलं होतं. पहिल्या रांगेत होणारे सासरे बसणार होते.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी मंडळाची बैठक झाली. कुजबुज सुरू होतीच — हे कसलं नाटक, पोरंबाळं येतात बघायला. अध्यक्ष मवाळ माणूस, त्यांनी मलाच विचारलं, तुमचं काय म्हणणं? सगळे माझ्याकडे वळले. मिलिंदही. तो अगदी निश्चिंत होता, त्याला वाटलं आता सुनील बोलेल आणि विषय मिटेल. तसा तो मिटलाच.

मी म्हणालो, "इथं घरोघरी माणसं मरून राह्यली, अन् आपण स्टेजवर हे दाखवाचं?"

त्या वर्षांत या वाक्याला उत्तर नव्हतं. कुणाकडेच नव्हतं. मला ते माहीत होतं, म्हणूनच तर मी ते उचललं. ज्यांच्या मोटरी मी भरून दिल्या होत्या, ज्यांच्या मातीला मी जाऊन आलो होतो, त्यांच्या आड मी लपलो. नाटक तिथंच बंद झालं. मिलिंद माझ्याकडे बघत राहिला, मग चपला घातल्या आणि मित्राकडे यवतमाळला निघून गेला.

तुम्हाला वाटेल, हीच कबुली. नाही हो. हे तर गावात चारचौघांना माहीत आहे, काहींनी पाठही थोपटली होती. मी अजून आडवळणानंच चाललोय — कळतंय मला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानासमोर मिलिंदचे बाबा उभे. पांढराशुभ्र शर्ट, खांद्यावर घडीचा दुपट्टा. मुकुटबनहून दोन गाड्या बदलून आले होते. प्रयोग रद्द झाल्याचं त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. मिलिंद तर कुणाशी बोलण्याच्या अवस्थेतच नव्हता, आणि मला — मला ते आठवलेच नव्हते. प्रयोग व्हायचा त्या मंगल कार्यालयाला कुलूप दिसलं, शेजारच्या चहाच्या टपरीवर प्रयोग रद्द झाल्याचं कळलं, आणि मुलाचा मित्र म्हणून माझं दुकान शोधत आले.

मी स्टूल दिलं, पाणी दिलं. मिलिंद बाहेरगावी गेलाय म्हणालो. त्यांनी विचारलं, नाटक कशावर होतं? पराटीवर, मी म्हणालो. कापूसवाल्या शेतकऱ्याच्या हालांवर.

ते हसले. "नाही बाबू. तो फोनवर म्हने, बाबा, मले घरी बोलता येत नाही, स्टेजवरून सांगतो, तुम्ही फक्त समोर बसा. पराटीचं मले स्टेजवरून कायले सांगन तो?"

मी तार गुंडाळत राहिलो. मग त्यांनी अगदी सहज विचारलं, त्या नाटकात तूही आहेस का. तो प्रश्न सहज नव्हता. त्यात राग नव्हता, हे मी कशाचीही शपथ घेऊन सांगतो. बसमध्ये कुणी थोडं सरकून आपल्याला जागा करून देतं ना, तसं ते विचारत होते. मला फक्त बसायचं होतं.

"मी फक्त लाईटचं पाहतो, काका," मी म्हणालो.

त्यांनी उरलेलं पाणी पिऊन ग्लास खाली ठेवला. मग उठले, दुपट्टा सारखा केला. "त्याले सांगजो, मी आल्तो. नाटक नाही झालं, तरी मले समजलं म्हना. घरी ये म्हना." मी सांगतो म्हणालो. ते स्टँडकडे चालू लागले.

मिलिंद परतला तेव्हा टपरीवाल्यानं त्याला सांगितलं, तुमचे वडील येऊन गेले. तो धावतच दुकानात आला, दम लागला होता.

"बाबा तुले भेटले का?"

"नाही," मी म्हणालो.

ही ती गोष्ट. एवढीच. का म्हणालो? हो म्हटलं असतं तर पराटीची थाप सांगावी लागली असती, लाईटचं उत्तर सांगावं लागलं असतं, आणि निरोप पोचला असता तर — तर मिलिंद मला घेऊन गेला असता, किंवा मला सोडून गेला असता. दोन्हीची भीती वाटली. त्याचा चेहरा पडत गेला. त्यानं स्वतःच धागा जुळवला: टपरीवर कुणीतरी बाबांना नाटकाचा विषय सांगितला असणार आणि ते पोराचं तोंडही न बघता निघून गेले. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. वाचताय ना? मी त्याची समजूत काढली.

तो घरी गेला नाही. तिकडे बाबांच्या हिशोबी निरोप पोचला होता, आणि तरीही पोरगा येत नव्हता. उन्हाळ्यात ते काविळीनं गेले. मातीला मी गेलो होतो. शेजारची बाई सांगत होती, हिवाळ्यात त्यांनी सगळ्या घराला चुना मारून घेतला, पोरगं येणार हाय म्हणून. मिलिंद कोपऱ्यात गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. मी त्याच्यापासून हातभर अंतरावर होतो. तोवर माझं लग्न झालं होतं. बायको चांगली आहे, तिचा यात काही दोष नाही, आणि तिच्याशी मी कसा वागलो ते वेगळं सांगावं लागेल.

मिलिंदनं नोकरी सोडली, नागपूर गाठलं. मागच्या हिवाळ्यात कळलं, तिथं आमच्यासारख्यांचा महोत्सव आहे — आमच्यासारख्यांचा, हा शब्दही मी आज पहिल्यांदा वापरतोय — सिनेमे, चित्रं, नाटकं, आणि मिलिंदचं एकपात्री. घरी सांगितलं, तांब्याची तार आणायला जातो. व्हरांड्यात चित्रं मांडली होती, गालांवर रंग लावलेली पोरं एकमेकांचे हात धरून ती बघत हिंडत होती. कुणालाच कुणाचं काही वाटत नव्हतं. मी शेवटच्या रांगेत बसलो.

स्टेजवर एक खुर्ची, खुर्चीवर घडीचा दुपट्टा. मिलिंदचे केस पिकलेत. तो बाप झाला, गाडीतून उतरला, टपरीवर चहा प्यायला, पोराबद्दल ऐकलं आणि चहा अर्धा टाकून परत गेला. मग तो मुलगा झाला आणि त्या खुर्चीला म्हणाला, बाबा, थोडं थांबायचं होतं. सगळं सभागृह रडत होतं. शेजारच्या मुलीनं मला रुमाल दिला, मी घेतला. शेवटचा उजेड लाईटवाल्यानं झटक्यात घालवला — आणि बघा माझी जात, तेव्हाही मला वाटलं, हा मी हळू उतरवला असता.

लोक मिलिंदला मिठ्या मारत होते. मी दुसऱ्या दारानं बाहेर पडलो. तार घेतली आणि घरी आलो.

त्याचे प्रयोग अजून होतात. प्रत्येक प्रयोगात त्याचा बाप उठून जातो.

काकांच्या निरोपातलं एक वाक्य मी वर गाळलं. स्टँडकडे जाण्याआधी, दुकानाची पायरी उतरताना ते मागे वळले होते. माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "अन् एकटा नको येऊ म्हना त्याले."

त्यालाही मी सांगतो म्हणालो होतो.